बटाट्याच्या मोटरीवरची धार

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिला सगळेच वहिनी म्हणत, वॉर्डातल्या आयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. ती नेमकी कुणाची वहिनी, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. खरं तर अख्ख्या जगात ती एकाच माणसाची वहिनी होती, आणि त्या माणसाशी गेली बावीस वर्षं तिचं कामापुरतंच बोलणं होतं. "पाणी आलंय", "दाराला कडी घाला", "दादा कुठेय?", बस्स.

तो माणूस म्हणजे तिची नणंद. वन्सं वरच्या मजल्यावर, वहिनी आणि तिचा नवरा खाली. वन्संनी लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या तंत्रशाळेत फिटरच्या वर्गाला शिकवत होत्या आणि विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'पोलादबाई' म्हणत. निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा त्या गॅलरीत खुर्ची टाकून अंगणातल्या माणसांच्या चुका काढू लागल्या. अंगणात बहुतेक वेळा वहिनीच असायची.

दोघींच्या मधला माणूस, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा थोरला भाऊ, छापखान्यात प्रुफं तपासायचा. शब्दांच्या चुका तो नजरेच्या टप्प्यात येताच पकडायचा, पण घरातल्या चुकांकडे बघताना त्याचा चष्मा नेमका कपाळावर असायचा.

तर झालं असं, की वहिनीचं उजवं मनगट दुखायला लागलं. चारशे माणसांची भाजी ती रोज चिरायची. सकाळी सहाला भोपळ्यापासून सुरुवात, अकरापर्यंत कांद्याच्या दोन पोत्यांचा फडशा. इस्पितळातच नोकरी असल्यामुळे तिला डॉक्टर शोधायला लागला नाही. हाडांचे डॉक्टर जेवणाचं ताट घ्यायला आले तेव्हा तिने त्यांच्यापुढे हात धरला.

"हाताला महिनाभर आराम द्या," ते म्हणाले.

"मग भाजी कोण चिरेल, तुम्ही?"

डॉक्टरांनी मनगट पुन्हा एकदा दाबून बघितलं आणि विचारलं, "सुरी कशी आहे तुमची?"

इथे वहिनीला कुणीतरी आपल्या मनातलं बोललं असं वाटलं. सुरी! नव्या ठेकेदाराने पाठवलेल्या सुऱ्या म्हणजे लिंबाला गुदगुल्या करणाऱ्या. पातं पातळ म्हणावं तर वाकायचं, आणि धारेच्या जागी मात्र जाड. भोपळ्यात घातली की मध्येच रुतून बसायची आणि मग दोन्ही हातांनी, अंगाचं सगळं वजन टाकून ती खाली दाबायची. सहाणेवर कितीही घासा, दुसऱ्या दिवशी जैसे थे.

"मीच करते सुरी," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली.

"विकत घेऊ की," तो म्हणाला.

"माझ्या हाताची कुठे विकत मिळते?"

गल्लीच्या टोकाला सुताराचं दुकान होतं. त्याच्याकडे मोठ्या गोल करवतीचं तुटकं पातं पडलं होतं. "लाकूड कापून कापून तीस वर्षं जगलंय हे," सुतार म्हणाला, "याच्यासारखं पोलाद आता मिळत नाही." वहिनीने कागदावर सुरीचा आकार काढून दिला होता. पातं मधे रुंद, टोकाला किंचित उचललेलं, मूठ तिच्या चार बोटांएवढी. त्याने तो आकार कटरने कापून दिला आणि हात झटकले. "पुढचं तुमचं तुम्ही बघा. धार काढणं हे माझं काम नाही."

वहिनीने दुकानातून कानस आणली, अंगणातल्या दगडी कट्ट्यावर पट्टी धरली आणि घासायला बसली. कानस पोलादावरून अशी सटकायची, जशी तेलकट ताटावरून ओली बोटं. तीन दुपारी गेल्या. पट्टी होती तशी चकचकीत, कानशीचेच दात मात्र बोथट झाले. मनगट तर आता चहाचा कपसुद्धा धरू देईना.

चौथ्या दुपारी गॅलरीतून आवाज आला.

"पाणी देऊन कडक केलेलं पोलाद आहे ते. कानशीने घासताय. याच जन्मी संपवायचंय की पुढच्याही जन्माची सोय करताय?"

वहिनीने वर न बघता उत्तर दिलं, "खाली येऊन सांगायला जिना मोडलाय का?"

बोलून गेल्यावर तिलाच जरा धक्का बसला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनीला वाटलं, झालं, आता आणखी बावीस वर्षं. पण जिन्यावर पावलं वाजली आणि वन्सं अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पट्टी उचलली, नखाने टिचकी मारून कानाशी नेली आणि डोळा बारीक करून तिच्या कडेवरून पाहिलं.

"पोलाद चांगलंय," त्या म्हणाल्या. एवढी स्तुती त्यांच्या तोंडून ऐकायला तंत्रशाळेच्या विद्यार्थ्यांना दोन-दोन वर्षं लागायची. "याला बेल्ट ग्राइंडर पाहिजे. मोटर, तीन चाकं, आणि त्यांच्यावरून फिरणारा घासपेपरचा पट्टा. दहा मिनिटांत धारेचा उतार निघेल."

"कुठे मिळतो?"

"मिळतो. पण विकतचा कशाला? मी काय मेलेय?"

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावरून आली तेव्हा अंगणात तिची जुनी लोखंडी खाट चार तुकड्यांत पडली होती. वन्सं हातात करवत घेऊन घामाघूम झाल्या होत्या आणि त्यांचा भाऊ खाटेचा एक पाय घट्ट धरून बसला होता.

"मी धरायचंच काम करतोय," तो घाईघाईने म्हणाला. "निर्णय माझा नाही."

खाटेचे कोन यंत्राच्या सांगाड्याला गेले. चाकं वन्संनी कडक नायलॉनची कापून आणली, लेथवाल्याकडून. तो त्यांचा जुना विद्यार्थी. आता त्याचे केस पिकले होते, तरी बाई दुकानात शिरल्या तेव्हा तो उठून उभा राहिला म्हणे. पट्टे फर्निचरच्या कारखान्यातून मिळाले. पट्टा ताणून धरायला फाटकाची स्प्रिंग कामी आली. तेव्हापासून फाटक उघडंच राहायला लागलं आणि शेजाऱ्यांचं कुत्रं रोज येऊन कामाची पाहणी करून जाऊ लागलं.

राहिली मोटर. जिन्याखाली चादर पांघरून एक वॉशिंग मशीन उभं होतं. वन्संनी ते भावाच्या लग्नाच्या वर्षी बोनसमधून घरासाठी घेतलं होतं. वहिनी नवी सून, तिने कपडे हातानेच धुतले. वन्सं म्हणाल्या, "मग कशाला आणलं मी?" वहिनी म्हणाली, "मी आणायला सांगितलं होतं?" तेव्हापासून यंत्र दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. आता वन्संनी चादर ओढली, मागचं झाकण उघडलं आणि मोटर बाहेर काढली. वहिनीने पाना धरला.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नवरा छापखान्यातून लवकर आला होता, खास बघायला. मोटर गुरगुरली, पट्टा फिरला, एक क्षण सगळं झकास. मग पट्टा हळूहळू एका बाजूला सरकला, आणखी सरकला, आणि सुटला तो सरळ दोरीवरच्या शर्टावर. शर्ट पट्ट्यासह भिंतीपलीकडे गेला.

"तो माझा होता," नवरा म्हणाला.

"अजून आहे. फक्त शेजाऱ्यांकडे आहे," वन्सं म्हणाल्या, आणि वहिनीला हसू आवरेना. वन्सं मात्र चाकाकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सपाट! चाक सपाट ठेवलंय मी. एकतीस वर्षं शिकवलं, आणि घरी येऊन विसरले."

"म्हणजे?"

"पट्टा नेहमी उंच भागाकडे धावतो. चाक मधे किंचित फुगीर असलं, की तो इकडे-तिकडे गेला तरी परत मधे येतो."

"म्हणजे चाकाला पोट हवं."

"हो."

"यांच्याएवढं?" वहिनीने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"एवढं नको. पट्टा तुटेल."

लेथवाल्याने वरच्या चाकाला पोट काढून दिलं. शिवाय वन्संनी त्या चाकाच्या मागे बिजागरी आणि स्क्रू बसवला. स्क्रू अर्धा फिरवला की चाक जरासं कलतं आणि पट्टा हवा तिथे येतो. आता पट्टा जागेवर राहिला. पण पोलादाची पट्टी टेकवली रे टेकवली, की मोटर 'हूं' म्हणायची आणि थांबायची. कपडे धुणाऱ्या मोटरीला पोलादाचा धसका.

"एक अश्वशक्ती तरी हवी," वन्सं म्हणाल्या. एवढी मोटर मिळवायचा मार्ग त्यांच्याकडे उरला नव्हता.

वहिनीला मात्र एक मोटर ठाऊक होती. सकाळी ती इस्पितळात गेली ती सरळ स्टोअरकीपरकडे. स्टोअरकीपर म्हणजे पाय फुटलेली नियमावली. त्याच्या खोलीमागे बटाटे सोलायचं एक मोठं यंत्र चार वर्षं गंजत होतं. त्याचा पिंपाएवढा डबा फुटला होता, पण मोटर धडधाकट होती, हे वहिनीला माहीत होतं. तिनेच ते यंत्र दहा वर्षं चालवलं होतं.

"ते भंगारात निघालंय," स्टोअरकीपर म्हणाला. "लिलावात घ्या."

"कधी आहे लिलाव?"

"झाला की. कुणी आलंच नाही."

"मी आता आलेय," वहिनी म्हणाली, आणि तो विक्रीचा कागद काढून देईपर्यंत टेबलासमोरून हलली नाही.

मोटर घरी हातगाडीवरून आली. बटाट्याची साल अजून तिच्या बुडाला चिकटलेली. वन्संनी ती पुसली, उलटी-सुलटी करून पाहिली, आणि वहिनीकडे जसं बघितलं, तसं त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"हिची वायर कुठली कुठे जाते, ते तुम्हाला माहितीये?"

"दहा वर्षं चालवली. जळायची तेव्हा वासावरून कळायचं मला."

जोडणी झाली. बटण दाबलं. पट्टा सुसाट फिरला, पण उलटा. ठिणग्या खाली पडायच्या ऐवजी थेट दोघींच्या तोंडावर. "बंद! बंद!" वन्संनी ओरडत दोन तारा अदलाबदल केल्या. पुन्हा चालू. आता पट्टा वरून खाली येत होता आणि ठिणग्या पाण्याच्या बादलीत पडून चुर्र करत विझत होत्या. वन्संनी दोघींसाठी चष्मे आणि तोंडावर बांधायचे मास्क काढले.

"कोपरं पोटाला चिकटवा. हात हलवायचे नाहीत, मनगट तर नाहीच. पायांनी डोला. डावीकडून उजवीकडे. सगळं अंग हलेल, हात नुसते धरतील. आणि पातं तापलं की बादलीत."

वहिनीने तसं केलं. मनगटाला काही कळलंसुद्धा नाही. पोलाद लोण्यासारखं उतरत गेलं. एका बाजूने चकचकीत उतार दिसू लागला, मग दुसऱ्या बाजूने. पावणेचार वाजता जी पट्टी होती, ती सव्वाचारला सुरीसारखी दिसायला लागली. आणि वहिनी डोलतच राहिली. आता टोक, अजून थोडंसं टोक.

"अहो, थांबा!" वन्संनी बटणावर झडप घातली. "बघा काय केलंत!"

टोक निळं पडलं होतं, मोराच्या पिसासारखं.

"पाणी उतरलं टोकाचं, आता धार टिकणार नाही तिथे. तापलं की लगेच बादलीत बुडवायचं, सांगितलं नव्हतं मी? हाताला चटका बसला नाही तुमच्या?"

वहिनीने बोटं बघितली. चटका कुठला? वीस वर्षं ती उकळत्या पातेल्यांची झाकणं उघड्या हातांनी उचलत आली होती. तिच्या बोटांना जे कोमट लागतं, त्यावर दुसऱ्याचं अंडं उकडतं.

"यंत्राचं काम आहे हे," वन्सं रागाने म्हणाल्या. "स्वयंपाकाच्या हातांना काय कळणार?"

वहिनीने सुरी कट्ट्यावर ठेवली, चष्मा काढला.

"किती वर्षं जपून ठेवलं होतंत हे वाक्य?" ती म्हणाली.

दोघींनाही आठवत होतं. लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा, स्वयंपाकघरात, शेजारणीशी बोलताना वहिनी म्हणाली होती, 'कानशीच्या हातांना घरातलं काय कळणार?' वन्सं तेव्हा दाराबाहेर, कामावरून येऊन चपला काढत होत्या.

"मला वाटलं होतं तुम्ही ऐकलं नसेल," वहिनी म्हणाली.

"यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य गेलं माझं, पण कान शाबूत आहेत."

"महिन्याची सून होते मी. सगळ्यांनी तुमचंच कौतुक सांगितलेलं. घाबरले होते तुम्हाला." ती थांबली. "चुकलं माझं."

वन्संनी सुरी उचलली. निळ्या टोकाखाली त्यांनी बोट टेकवलं. "हे टोक अर्धं बोट कापून काढता येईल," त्या म्हणाल्या. "सुरी थोडी आखूड होईल. चालेल का?"

"चालेल."

"आणि आता पाण्याचा एक थेंब ठेवायचा पात्यावर. थेंब नाचायला लागला, की बादली. बोटांवर भरवसा नको. तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. माझी बोटं तर चहाच्या कपानेही पोळतात." आणि मग, यंत्राकडे तोंड करून, "मीही चुकलेच आत्ता."

सुरी तयार व्हायला आणखी चार दुपारी लागल्या. मूठ सुताराने दिलेल्या शिसवीच्या तुकड्याची. पाचव्या दिवशी वहिनीने घरातल्या कांद्यावर ती टेकवली आणि कांदा, जणू आधीच ठरलं असल्यासारखा, दोन भागांत वेगळा झाला. नवऱ्याला दोघींनी बोलावलं. त्याने कांद्याचा पापुद्रा उचलून उजेडात धरला. "यातून प्रुफं वाचता येतील," तो म्हणाला, आणि डोळे पुसले. कांद्यामुळे, असं त्याचं म्हणणं.

इस्पितळात मात्र गाडी अडली. वहिनीने पहिल्याच सकाळी एक भोपळा बसल्या जागी एका हाताने चिरून दाखवला, स्वयंपाकघर गोळा झालं, आणि त्या गर्दीतून स्टोअरकीपरही आला.

"ही सुरी यादीत नाही," तो म्हणाला. "लाकडी मुठीची सुरी इथे चालत नाही. ओलावा धरते. रोग्यांचं अन्न आहे."

बाकीच्या बायका चिडल्या. वहिनीलाही राग आला, पण ती त्याच्याकडे बघत विचार करू लागली. लाकूड पाणी पितं, हे खोटं नव्हतं. कांदा चिरून झाल्यावर मुठीला वास राहिलेला तिला स्वतःला जाणवला होता.

"म्हणजे यादीतल्या सुऱ्या चालतील?"

"त्याच तर आहेत."

"मग त्यांच्या धारेबद्दल यादीत काही लिहिलंय का?"

स्टोअरकीपरने यादी उघडली, वाचली, परत वाचली. धारेबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी अठ्ठेचाळीस सुऱ्या, सही-शिक्क्याच्या पावतीसह, एका डब्यातून वहिनीच्या अंगणात आल्या. वन्सं डब्यात डोकावल्या आणि एक सुरी काढून अंगठ्यावर घासून बघितली. "ही सुरी म्हणजे फूटपट्टी आहे," त्या म्हणाल्या. "ठेकेदाराने बहुतेक रेघा आखायला मागवल्या असतील."

पण पोलाद अगदीच वाईट नव्हतं. धारेमागचा जाड भाग घासून पातळ केला, की सुरी सुरीसारखी वागायची. वहिनी डोलायची, वन्सं थेंब टाकायच्या आणि "बादली!" म्हणून ओरडायच्या. दर दहा सुऱ्यांनंतर जागा बदलायची. संपायला दोन दिवस लागले. वहिनीने घासलेली सुरी वन्सं सूर्याकडे धरून बघायच्या आणि काही न बोलता बाजूला ठेवायच्या. काही न बोलणं म्हणजे पास, हे आता वहिनीला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात हाडांचे डॉक्टर ताट घ्यायला आले, तेव्हा वहिनीने मनगट त्यांच्यासमोर गोल-गोल फिरवून दाखवलं. ते म्हणाले, "महिन्याच्या आत! कोणतं औषध घेतलंत?"

"नणंद," वहिनी म्हणाली.

आता गल्लीतले लोक कात्र्या, कुदळी, न्हाव्याचे वस्तरेसुद्धा घेऊन येतात. परवा इस्पितळाचा माळी आला. त्याला कलमं करायची छोटी सुरी हवी होती, वाकड्या चोचीची. वन्संचं मत पडलं की पातं आतल्या बाजूने वाकवावं; वहिनीचं म्हणणं, बाहेरून. माळी बिचारा दोघींच्या मधे उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. तासभर वाद झाला. आवाज एवढा वाढला की नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भांडताय का?"

"नाही!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि वन्संनी कोळशाच्या तुकड्याने अंगणातल्या फरशीवर पात्याचा तिसराच आकार काढायला सुरुवात केली.